पहिल्या धारेचा मान

हे मी बोलतोय आणि माझी मुलगी प्राजू लिहून घेतेय. ती कॉलेजला आहे. तिचं अक्षर सुंदर आहे असं तिची आई म्हणते, मला आता सगळ्यांचं अक्षर सारखंच. हे पहिलंच वाक्य ऐकून ती थांबली. म्हणाली, "पप्पा, असं टोचून बोलायचं असेल तर मी नाही लिहिणार." मी म्हटलं, बाई, माझं तोंडच तेवढं शाबूत राहिलंय, ते तरी चालू दे. मग बसली लिहायला.

सांगायला लावलं ते हॉस्पिटलातल्या डॉक्टर मॅडमनी. त्या म्हणाल्या, तुमच्यासारखे पेशंट सणासुदीला येतात आणि सगळे एकच चूक करतात, तुम्ही सांगितलंत तर ऐकतील. ऐकतील की नाही देव जाणे. मला कुणी सांगितलं असतं तर मी ऐकलं नसतं. पण त्या बाईंनी माझ्यासाठी पुष्कळ केलं, त्यांचा शब्द मोडवत नाही.

आधीच सांगून ठेवतो, ही बरा झालेल्या माणसाची गोष्ट नाही. धीर यावा म्हणून वाचत असाल तर दुसरं काहीतरी वाचा.

माझा डोळा

नाशिकजवळ मखमलाबादच्या अंगाला आमची शेती आहे. झेंडू, शेवंती, थोडा गुलाब, आणि विहिरीकडच्या तुकड्यात भाजीपाला. फुलाच्या धंद्यात नाक लागतं असं लोकांना वाटतं. नाक काय करायचं, डोळा लागतो. कोणतं फूल आज तोडायचं, कोणतं उद्यावर ठेवायचं, शेवंतीच्या पाकळीला कड कधी काळी पडायला लागते, हे सगळं डोळ्याचं काम. बाजारात दुसऱ्याचा ढीग लांबून बघून मी सांगायचो की वरचा माल आजचा आणि खालचा कालचा आहे. त्यावरून दोनचार जणांशी भांडणंही झाली आहेत. भांडण मीच जिंकायचो.

हे एवढ्यासाठी सांगितलं की गेलं काय ते कळावं.

मामांची बाटली

माझी बायको सुनंदा इगतपुरीकडची. तिच्या माहेरी भाताची शेती आहे. सासऱ्यांना मी मामा म्हणतो. मेव्हणा रवी दिंडोरीकडं एका वाइनरीत कामाला आहे, रविवारी घरी जातो.

मामा घरी दारू काढायचे. विकायला नाही, घरापुरती. पाव्हणेरावळे, सण, लावणी उरकली की. पूर्वी गुळाची आणि मोहाची असायची. रवी कामाला लागल्यापासून तो द्राक्षाचा चोथा आणायला लागला. वाइनसाठी रस काढला की जी सालं, बिया आणि देठं उरतात ती. मामांना त्याचं भारी कौतुक. "इंग्लिशच्या तोंडात मारंल" म्हणायचे. कशी काढतात ते मी सांगणार नाही, मॅडमनी बजावलंय, आणि मला ते येतही नाही. मला ती फक्त पिता यायची.

यात मामांचे दोन नियम होते, त्यांच्या वडलांपासून चालत आलेले. एक, भट्टी लागली की पहिल्यांदा जी धार पडते ती सगळ्यात कडक आणि सगळ्यात मानाची. आपल्याकडं सगळेच म्हणतात, पहिल्या धारेची म्हणजे अस्सल. दुसरा नियम, चमच्यात घेऊन काडी लावायची. निळी पेटली की शुद्ध.

रवीनं वाइनरीत उलटं ऐकलं होतं. तिथले लोक म्हणाले, घाण असते ती पहिल्यांदाच येते, ती टाकून द्यायची असते. फोनवरही त्यानं तेच बघितलं. म्हणून उन्हाळ्यात जेव्हा जेव्हा भट्टी लागली तेव्हा त्यानं पहिली धार वेगळ्या बाटलीत धरली आणि वडलांना म्हणाला, "दादा, ही फेकून द्या." मामा म्हणायचे हो. आणि बाटली भाताच्या कणगीमागं ठेवायचे. दर खेपेची पहिली धार त्याच एका बाटलीत. उन्हाळा संपेपर्यंत ती गळ्यापर्यंत भरली.

ती जावयासाठी ठेवली होती. म्हणजे माझ्यासाठी.

आखाड

आमच्याकडं श्रावण लागायच्या आधी आखाडात जावयाला मटणाचं जेवण असतं. एकदा श्रावण लागला की सगळं बंद, त्यामुळं आखाडात जो तो हात धुऊन घेतो. आम्ही दुपारी पोचलो. इगतपुरीचा पाऊस म्हणजे काय विचारू नका, अंगणातून ओसरीवर येईपर्यंत माणूस निथळतो. दिवेलागणीला मटण शिजत आलं आणि मामा उठले. कणगीमागं हात घातला, बाटली काढली, धोतराच्या सोग्यानं पुसली.

रवीचा चेहरा उतरला. "दादा, ही टाकली म्हणत व्हता ना तुम्ही?"

"टाकतोय व्हय. जावयाची हाय ती."

"ती नका देऊ. दाजींना आपलीच देऊ की."

"जावयाला मागल्या धारेची पाजू? उद्या पाव्हणं चारचौघांत सांगतील, सासऱ्यानं पाणी पाजलं म्हनून."

मला हसू आलं. मी म्हटलं, "काय रे रवी, दाजीला द्यायला जीवावर आलं का?" तो ओशाळला. म्हणाला, "तसं नाय दाजी," आणि पुढचं गिळलं. बापापुढं आणि जावयापुढं तो बिचारा किती बोलणार.

मामांनी चमच्यात थोडी ओतली आणि काडी लावली. "बघा पाव्हणं. निळीशार. डाग हाय का कुठं?" नव्हता. मॅडमनी नंतर सांगितलं की ते विषही असंच निळं जळतं, किंबहुना जास्तच स्वच्छ जळतं. पण तेव्हा ओसरीवर मॅडम नव्हत्या.

मामा आणि रवी त्यांची नेहमीची प्यायले. मानाची मी एकट्यानं प्यायलो. दोन ग्लास घेतले, वर मामांच्या आग्रहाखातर अजून थोडी. मला बरं वाटत होतं, खोटं कशाला बोलू. एवढा मान आपल्याला बाहेर कोण देतो?

धुकं

सकाळी डोकं जड होतं, तेवढंच. सासूबाईंनी लिंबूपाणी दिलं. मामा म्हणाले, "कडक व्हती ना? म्हनलं व्हतं." त्यांच्या आवाजात अभिमान होता. दुपारपर्यंत उलट्या सुरू झाल्या आणि पोटात पिळे पडायला लागले. मटण बाधलं म्हणून सगळ्यांनी ठरवलं. मी ओसरीवर पडून राहिलो. डोळे उघडले तर समोर पांढरं. इगतपुरीला पावसाळ्यात धुकं घरात शिरतं, चुलीपर्यंत येतं, त्यामुळं मला काही वाटलं नाही.

मी सुनंदाला म्हटलं, "धुकं लय आलंय, दार लोटून घे."

ती माझ्याशेजारीच भाकरीचं पीठ चाळत होती. चाळणी थांबली.

"कुठंय धुकं?" ती म्हणाली. "उघडीप पडलीय. ऊन आलंय अंगणात."

तिचा आवाज अगदी साधा होता. माझ्या तोंडावर ऊन लागत होतं, ऊब कळत होती, आणि समोर नुसतं पांढरं.

विकतची

गावातल्या डॉक्टरांनी पित्ताचं इंजेक्शन दिलं आणि नाशिकला न्या म्हणाले. रवीनं शेजाऱ्याची गाडी काढली. घाटनदेवी सोडून कधी कुणाला हात न जोडणारे मामा गाडीत पुढं बसून सगळ्या देवांची नावं घेत होते. मला दम लागला होता, बोलता येत नव्हतं.

हॉस्पिटलच्या फाटकात मामांनी रवीच्या कानात काहीतरी सांगितलं आणि त्याला तसाच माघारी पाठवला. ते काय होतं ते मला पुष्कळ उशिरा कळलं. भांडी, नळी, जे काही असेल ते सगळं धरणाच्या पाण्यात टाकून ये, असं सांगितलं होतं. बाटलीत उरलेली तर त्यांनी घरून निघायच्या आधीच मोरीत ओतली होती. घरी दारू काढणं हा गुन्हा आहे, हे त्यांना माहीत होतं. घरात पोलीस येतील, पोराची नोकरी जाईल, ही त्यांची भीती. जावयाचे डोळे जातील ही भीती तेव्हा त्यांच्या डोक्यातच नव्हती.

आत मॅडमनी विचारलं, "काय खाल्लं? काय प्यायले?"

मामा म्हणाले, "मटण खाल्लं जी."

"दारू?"

"थोडीशी. विकतची. इगतपुरीहून आनली व्हती."

"बाटली सीलबंद होती? घरची नाही ना? नीट आठवून सांगा, दिसत नाही म्हणताहेत हे."

"विकतचीच."

सुनंदा माझ्या उशाशी उभी होती. तिच्या बांगड्या वाजत होत्या, ती माझ्या कपाळावर पाण्याची पट्टी ठेवत होती. मामा "विकतचीच" म्हणाले आणि बांगड्या थांबल्या. मी वाट बघितली. तोंडावर मास्क होता, छाती भात्यासारखी चालली होती, मला बोलता आलं असतं तर मीच बोललो असतो. थोड्या वेळानं बांगड्या परत वाजायला लागल्या.

मॅडमना संशय होता. रक्ताचे रिपोर्ट आल्यावर त्यांनी परत विचारलं, परत तेच उत्तर मिळालं. त्यांनी आपल्या अंदाजानं औषधं सुरू केली. पण खरं काय ते रवी दुसऱ्या दिवशी सकाळी आला तेव्हा कळलं. तो थेट मॅडमच्या समोर गेला आणि म्हणाला, "घरची होती. पहिली धार. मीच धरली होती." मग एकदम पळापळ झाली. मला डायलिसिसच्या मशिनला लावलं, आणि नाकातल्या नळीतून औषध म्हणून काय द्यावं, तर दारू. चांगली दारू वाईट दारूला अडवते म्हणे. मी मनात म्हटलं, वा, आखाड अजून चालूच आहे.

मॅडम रवीला म्हणाल्या, "हे काल सांगायला हवं होतं." ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

वॉर्ड

आयसीयूत दिवस आणि रात्र सारखीच, त्यात मला तर विचारूच नका. चहाच्या गाड्याचा आवाज आला की सकाळ, फिनेलचा वास आला की मोठे डॉक्टर येणार. सिस्टर कोण आहे ते मी चपलेवरून ओळखायचो. एकदा पोलीस जबाब घ्यायला आले. कुणी दिली, कुठली, विचारलं. मी म्हटलं, आठवत नाही. सुनंदा बाजूलाच होती. बाटली नाही, भांडी नाहीत, त्यांनी लिहून घेतलं आणि गेले.

मग वॉर्डात हलवलं. शेजारच्या खाटेवर मालेगावचे हनीफभाई होते. यंत्रमागावर आयुष्य गेलेलं, किडनीसाठी आले होते. मागाच्या खडखडाटामुळं त्यांना कमी ऐकू यायचं, त्यामुळं ते मोठ्यानं बोलायचे आणि सगळा वॉर्ड ऐकायचा. त्यांनी आपण होऊन माझे डोळे व्हायचं काम घेतलं. "भाऊ, खिडकीत कबूतर बसला आहे." "भाऊ, आज भाजी मत खाव, शकल चांगली नाही तिची." मी हसायचो. त्या दिवसांत मला हसवलं ते त्यांनीच.

एकदा सुनंदा डबा घासायला बाहेर गेली तेव्हा ते पहिल्यांदाच हळू आवाजात म्हणाले, "भाऊ, एक बात बोलू? भाभी तुमच्या सामने बसून रोती आहे. आवाज नाही करत. तुम्हाला मालूम नाही म्हणून सांगितला."

मला खरंच माहीत नव्हतं. ती समोर बसून मला बाजारभाव सांगायची, प्राजूच्या परीक्षेचं सांगायची, आवाज एकदम नेहमीचा. त्यानंतर ती बोलायला लागली की मी हात पुढं करून तिचा गाल चाचपायचो. ती हात झटकायची. "लोक बघताहेत" म्हणायची.

टॉर्च

ज्या दिवशी निकाल लागला तो दिवस असा. डोळ्याचे डॉक्टर आले. मोठा माणूस असावा, कारण त्यांच्यामागं पुष्कळ पावलं होती. माझी हनुवटी धरली, पापणी वर केली.

"टॉर्च लावला की सांगा."

मी म्हटलं, बरं.

थोडा वेळ गेला. मी वाट बघत होतो. म्हटलं, "लावा की साहेब."

मग टॉर्च बंद केल्याची खटकन कळ वाजली, आणि मला समजलं की तो मघापासून चालूच होता.

ते म्हणाले, डोळे चांगले आहेत, मागची नस गेली आहे. हे मी तुम्हाला कसं सांगू, घर चांगलं आहे पण रस्ता वाहून गेला, तसलं काहीतरी. मी विचारलं, परत येईल का. ते म्हणाले, बघू. माझ्या अनुभवानं सांगतो, डॉक्टर "बघू" म्हणाले की समजून जायचं. पण मी समजलो नाही. मी त्या "बघू"ला धरून पुष्कळ दिवस काढले.

हिरवं

आणि मग खरंच दिसलं. हेच सगळ्यात वाईट झालं.

घरी आल्यावर एका सकाळी सुनंदा मला चहा देत होती आणि डाव्या कोपऱ्यात काहीतरी हिरवं हललं. मी तिचं मनगट धरलं. "बांगड्या हिरव्या आहेत?" ती म्हणाली हो. मग मी तिचा हात डावीकडं नेला, उजवीकडं नेला, डावीकडं आला की हिरवं दिसायचं. ती रडली, या वेळी आवाज करून. प्राजू कॉलेजातून धावत आली. घरात पेढे आले. सासूबाईंनी देवीला साडी बोलली. रवीचा फोन आला, त्याला बोलताच येईना.

काही दिवस ते राहिलं. कोपऱ्यातल्या फटीतून मला दाराची चौकट दिसली, झेंडूचा ढीग दिसला, पिवळा आहे हे कळलं. सुनंदाचं तोंड मात्र बघता आलं नाही. तोंडाकडं बघायला मान वळवली की फट सरकायची आणि तिचा कान दिसायचा, नाहीतर खांदा. मी म्हणायचो, राहू दे, वाढेल हळूहळू, मग बघू सावकाश.

मग ती फट करडी झाली. मग नाही. मॅडमना फोन केला तर म्हणाल्या, असं होतं कधीकधी, थोडं परत येतं आणि जातं. आधी सांगितलं नव्हतं कारण तुम्हाला आनंद झाला होता. मी त्यांच्यावर चिडलो नाही. कुणावर चिडायचं याची माझी यादी तेव्हा आधीच भरली होती.

घाई करायला हवी होती. शेवटचं बघायचं तर तोंड बघायचं, बांगड्या काय बघत बसलो.

जे कळलं नाही

मी मॅडमना विचारलं होतं, मामांनी ती पहिली धार टाकली असती तर माझे डोळे वाचले असते का. मला त्यांनी हो म्हणावं असं वाटत होतं. म्हणजे एक चूक, एक माणूस, हिशेब संपला.

त्या म्हणाल्या, सांगता येत नाही. ते विष फक्त पहिल्या धारेतच येतं आणि ती टाकली की संपतं, असं लोक समजतात, पण ते सगळ्याच धारेत थोडंथोडं उतरतं. आणि नुसत्या द्राक्षातून एवढं निघणं अवघड आहे, चोथ्यातून जास्त येतं म्हटलं, तरीही. बाटली आधी कशाची होती? त्यात काही मिसळलं होतं का? उरलेली असती तर तपासून कळलं असतं.

बाटली कशाची होती ते मामांना आठवत नाही. उरलेली मोरीत गेली. म्हणजे मला आंधळं कशानं केलं हेसुद्धा मला कधी कळणार नाही.

एवढंच सांगतो, आणि यासाठीच मॅडमनी बोलायला लावलंय. घरी काढलेली पिऊ नका. निळी ज्योत, वास, चव, पहिली टाकली, दुसरी घेतली, यातल्या कशानंही विष कळत नाही आणि विष जात नाही. प्यायल्यावर दुसऱ्या दिवशी डोळ्यापुढं धुकं आलं, दम लागला, तर झोपून राहू नका, ताक-लिंबू करत बसू नका, सरळ मोठ्या हॉस्पिटलात जा. आणि डॉक्टर विचारतील तेव्हा खरं सांगा. पहिल्यांदा विचारतील तेव्हाच. अब्रू, पोलीस, सासरा, सगळं नंतर.

घर

आता काय चाललंय ते सांगतो. बाजार सुनंदा बघते. मी माळा ओवतो, हाताला ते येतं. पिवळा-केशरी आलटून पालटून ओवायचा असेल तर ती दोन टोपल्या वेगळ्या देते, डावी पिवळी, उजवी केशरी. कधीतरी टोपल्या उलट्या होतात आणि मी अख्खी माळ चुकीची ओवतो. मला कुणी सांगत नाही. मला ते त्यांच्या गप्प बसण्यावरून कळतं.

एक सवय लागलीय. ग्लास हातात आला की आधी नाकाशी जातो. पाणी असो, चहा असो. वासानं काही कळत नाही हे मीच वर सांगितलं, तरी हात जातो. प्राजू म्हणते, "पप्पा, मांजरासारखं करता." करतो.

सुनंदा माहेरी जायची बंद झाली. फोन आला की आत जाऊन बोलायची. आम्ही एकमेकांशी नीट बोलत होतो, भांडण नव्हतं, आणि तेच जड होतं. एका दुपारी ती शेवंतीच्या जुड्या बांधत होती. दोरा तोडता तोडता म्हणाली, "मला माहीत होतं. दादा विकतची म्हणाले तेव्हा मी बोलायला पाहिजे होतं."

मी म्हटलं, "माहीत आहे."

"तुम्हाला कसं माहीत?"

"बांगड्या थांबल्या होत्या."

तिनं आणखी एक जुडी बांधली. मग म्हणाली, "मला वाटलं दादांना पोलीस नेतील. तुमचं काय, पित्तच आहे असं वाटलं." मी तिला माफ केलं असं म्हणायला हवं होतं. मला ते म्हणता आलं नाही, कारण ते खरं आहे का हे मलाच ठाऊक नव्हतं. मी म्हटलं, "जुड्या आवळून बांध, सैल झाल्या की दांडे सटकतात." तिनं त्या आवळून बांधल्या. अजून ते तसंच आहे.

(हे प्राजूला माहीत नव्हतं. ती लिहायची थांबली आहे. मी म्हटलं, लिही, तुझ्या आईनं परवानगी दिलीय. खरंच दिलीय.)

पुन्हा आखाड

या वर्षी आखाडात मामांचा फोन आला. मला वाटलं येणार नाही. पण रीत म्हणजे रीत, आकाश कोसळलं तरी जावयाला बोलवायचंच. सुनंदानं फोन माझ्या हातात दिला. "पाव्हणं, येता ना?" एवढंच म्हणाले. मी म्हटलं येतो. का म्हटलं, माहीत नाही. सुनंदा जाईल कशी, माझ्याशिवाय?

तोच पाऊस, तीच ओसरी. सासूबाईंनी ताट वाढलं, रवीनं माझा हात धरून वाटी कुठं, भाकरी कुठं दाखवलं. तो वाइनरीत अजून आहे, पण कुणाला काही सांगायचं झालं तर आता आवाज चढवून सांगतो म्हणे. मटण चांगलं झालं होतं आणि मी ते तीनतीनदा बोलून दाखवलं.

मामा स्वतः उठले. तांब्यातून भांड्यात पाणी ओतल्याचा आवाज आला. ओतताना थोडं माझ्या गुडघ्यावर सांडलं. "घ्या पाव्हणं," म्हणाले आणि भांडं माझ्या हातात दिलं.

मी ते उचललं, नाकाशी नेलं, हुंगलं, आणि मग प्यायलो.

पाणीच होतं. विहिरीचं, गार. मी अर्धं प्यायलो तेव्हा लक्षात आलं की कुणाच्याच चावण्याचा आवाज येत नाही. मग समोरचा पाट सरकला. सुनंदा म्हणाली, "दादा." दाराची कडी वाजली आणि पावसाचा आवाज एकदम मोठा झाला.

मी विचारलं, "काय झालं?"

"काय नाय दाजी," रवी म्हणाला. "जेवा तुम्ही."

मी काही मुद्दाम हुंगलं नव्हतं, हे मी सुनंदाला नंतर शपथेवर सांगितलं. ती म्हणाली, दादांना कोण सांगणार.

आम्ही निघेपर्यंत मामा आत आले नाहीत. खाचराच्या बांधावर पावसात उभे आहेत, डोक्यावर घोंगडीही घेतली नाही, असं सुनंदानं सांगितलं. त्यांचं ताट तसंच झाकून ठेवलं होतं. मी अंगणात उभं राहून हाक मारली, "मामा, येतो." सुनंदानं माझे खांदे धरले आणि मला दुसरीकडं वळवलं, मी गोठ्याकडं तोंड करून बोलत होतो.

"हं, आता," ती म्हणाली.

मी पुन्हा म्हटलं, "मामा, येतो."

ते काही म्हणाले असतील तर पावसात मला ऐकू आलं नाही. त्यांनी हात केला असेल तर तो मला दिसणार नव्हता. मी सुनंदाला विचारलं नाही, आणि तिनं सांगितलं नाही.